आयमॅप फोल्डरांची मांडणी: इनबॉक्सखाली टिंब की मुळाशी तिरपी रेघ?

आयमॅप म्हणजे सर्व्हरवरची मेल क्लायंटमध्ये (मेल वाचायच्या ॲपमध्ये) दाखवणारा प्रोटोकॉल. त्याचा नवा मेल सर्व्हर उभारताना फोल्डरांची रचना बहुतेक वेळा डीफॉल्टवर सोडली जाते. हा निर्णय आधीच घ्या, कारण फोल्डरचं पूर्ण नाव क्लायंटच्या सबस्क्रिप्शनमध्ये, सीव्हच्या (मेल आपोआप फोल्डरांत लावणाऱ्या नियमांच्या भाषेच्या) फिल्टरमध्ये, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसतं. नंतर ते सगळीकडून उकरून काढणं फार जिकिरीचं असतं.

पहिली रचना कुरियर या मेल सर्व्हरची: सगळी फोल्डर 'इनबॉक्स.' या प्रीफिक्सखाली (नावाआधीच्या ठरावीक भागाखाली) आणि विभाजक, म्हणजे फोल्डर आणि उपफोल्डर यांच्या नावांमधलं चिन्ह, टिंब; म्हणजे 'इनबॉक्स.काम.बिलं'. दुसरीत प्रीफिक्स रिकामा, फोल्डर इनबॉक्सच्या शेजारी आणि विभाजक तिरपी रेघ: 'काम/बिलं'. सायरस या दुसऱ्या मेल सर्व्हरने ३.० आवृत्तीपासून ही दुसरी डीफॉल्ट केली.

टिंबाची खरी अडचण नावांत आहे. विभाजकाचं अक्षर फोल्डरच्या नावात चालत नाही. 'आवृत्ती २.१' असं फोल्डर करायला जाल तर 'आवृत्ती २'च्या पोटात '१' तयार होईल. रेघेलाही हाच नियम, पण नावांत टिंब जितकं येतं तितकी रेघ येत नाही. डव्हकॉट हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं: मेलडिर++ या मेल साठवण्याच्या मांडणीत डिस्कवरही टिंबच विभाजक असतं. त्यामुळे सेटिंगमध्ये नुसती रेघ लिहून नावात टिंब चालू लागत नाही. त्यासाठी 'एफएस' लेआउट (डिस्कवर फोल्डरात फोल्डर ठेवणारी मांडणी) किंवा नावं एस्केप करण्याची, म्हणजे नावातलं टिंब संकेताने लिहिण्याची, सोय लागते.

प्रीफिक्स कोणता, विभाजक कोणता, हे क्लायंटने सर्व्हरला विचारायचं असतं. त्यासाठीची नेमस्पेस आज्ञा १९९८च्या आरएफसी २३४२ या इंटरनेट मानकातली; नेमस्पेस म्हणजे एका प्रीफिक्सखालचा फोल्डरांचा गट. वैयक्तिक, इतरांची आणि सामायिक अशा तिन्ही प्रकारच्या फोल्डरांची माहिती ती देते. काही क्लायंट मात्र ती विचारत नाहीत आणि प्रीफिक्स हाताने भरायला लावतात. प्रीफिक्स रिकामा असेल तर ही कटकटच उरत नाही.

जेमॅप या आयमॅपच्या नव्या पर्यायात विभाजकच नाही: प्रत्येक मेलबॉक्सला स्वतःचा आयडी आणि पालकाचा आयडी असतो. रचना म्हणून मला तीच सर्वांत स्वच्छ वाटते, पण आयमॅपइतके क्लायंट तिला अजून मिळालेले नाहीत.

म्हणून कोरी सुरुवात असेल तर रिकामा प्रीफिक्स आणि रेघ घ्या. कुरियरवरून डव्हकॉटवर येत असाल तर जुनी नावं एकदम मोडू नका. 'इनबॉक्स.' प्रीफिक्सचं एक छुपं नेमस्पेस सोबत ठेवा. ते यादीत दिसत नाही, पण जुन्या सेटिंगचे क्लायंट चालत राहतात.