उन्हाळी गणित शिबिराच्या नावाखाली आमचे ४७,००० रुपये गेले

आमची मुलगी १४ वर्षांची. सातवीनंतर शाळा सोडवली, तेव्हापासून घरीच शिकते. आम्ही सेलूचे, जिल्हा परभणी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बायको तिचं मराठी-इंग्रजी बघते. गणित-विज्ञान पोरगी तिचं तीच करते, कारण त्यात ती आम्हा दोघांच्या पुढं निघून गेली त्याला दोन वर्षं झाली. दहावीला एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, बसवायचं ठरलंय. घरचं एवढं सांगतोय, कारण आमच्या नेमक्या याच अवस्थेवर त्या लोकांनी डाव साधला.

अशा लेकराला तिच्यासारखी लेकरं भेटत नाहीत, हे आमचं मोठं दुखणं. लातूर-नांदेडला क्लासेसना तोटा नाही, पण ते नीट आणि जेईईचे. तिला मार्कांचं काही नाही. एका गणितावर दोन तास कुणाशी तरी भांडायला मिळावं, एवढंच तिचं मागणं. म्हणून डिसेंबरपासून मी उन्हाळी शिबिरं शोधत होतो. इस्रोचा युविका हा अंतराळविज्ञानाचा कार्यक्रम २०१९ पासून आहे, नववीच्या मुलांसाठी, आणि प्रवासापासून जेवणापर्यंतचा खर्च इस्रो करते. पण नववीत असल्याचं शाळेचं प्रमाणपत्र लागतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करायला मिळतं. तिथंही मुलांची नावं शाळा पाठवते. जिथं जावं तिथं फॉर्मवर शाळेचं नाव, मुख्याध्यापकाची सही, बोनाफाइड. एकदा तर पोरगी म्हणाली, "बाबा, शाळेत नाव टाकून ठेवा, मी जाणार नाही, पण नाव तर राहील." हे तिला म्हणावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं.

३ एप्रिलला घरी शिकवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. पुण्यात २१ दिवसांचं निवासी गणित-विज्ञान शिबिर, प्रतिभावान मुलांसाठी. वर दुर्बिणीचा मोठा फोटो. आयुका दाखवणार, खोडदचा जीएमआरटी, म्हणजे मोठ्या रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प, दाखवणार, शेवटी एका परदेशी विद्यापीठाचं प्रमाणपत्र. आणि ठळक अक्षरात एक ओळ: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी १० राखीव जागा, बोनाफाइडची गरज नाही. चार महिने ज्या दारावर अडलो होतो, ते दार कुणीतरी आपण होऊन उघडलं असं मला झालं. त्या ओळीपुढं मी काही तपासलंच नाही. पोरगी तर त्या दिवसापासून जीएमआरटीच्या ३० अँटेनांबद्दल वाचत बसली. एकेक ४५ मीटर व्यासाची, म्हणजे आपल्या गल्लीत मावणार नाही, असं मोजून सांगत होती.

६ एप्रिलला ऑनलाइन प्रवेश परीक्षा झाली. नोंदणीचे १,५०० रुपये. ३० प्रश्न, ३० मिनिटं, चारातला एक पर्याय निवडायचा. तासाभरात निकाल: ९७ पर्सेंटाइल. मी दुकानातून घरी पेढे घेऊन आलो. पोरगी मात्र गप्प होती. म्हणाली, "बाबा, पेपर लई सोपा होता. आठवीच्या स्कॉलरशिपला याहून अवघड असतं." मी म्हटलं, तुला सोपा वाटला म्हणूनच तू निवडली गेलीस. पोरीला खोट नेमकी कुठं आहे ते कळलं होतं, आणि मी तिचं बोलणं पेढ्यांखाली दाबलं.

खऱ्या ठिकाणी काय होतं ते मला नंतर कळलं. अमेरिकेतले रॉस, प्रॉमिस, मॅथकॅम्प हे जुने नावाजलेले गणिताचे उन्हाळी कार्यक्रम अर्जासोबत मुलांना गणितं देतात आणि ती घरी बसून, वेळ घेऊन, पूर्ण सिद्धतेसह लिहून मागतात. मॅथकॅम्पला घरी शिकणारी मुलंही अर्ज करतात. तिथल्याच एमआयटी विद्यापीठात भरणाऱ्या आरएसआय या विज्ञान संशोधनाच्या उन्हाळी कार्यक्रमात निवडलेल्या मुलाकडून शिकवणीचे, राहण्या-जेवणाचे पैसे घेतच नाहीत. आपल्याकडं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान ऑलिंपियाडची निवड शिबिरं होतात. तिथवर पोचायला मुलाला आधीच्या परीक्षांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तिथं राहण्या-जेवणाचे पैसे मुलांकडून घेत नाहीत. गणिताच्या ऑलिंपियाडला आयओक्यूएम, मग आरएमओ, मग आयएनएमओ अशा एकापुढं एक परीक्षांच्या चाळण्या आहेत. या सगळ्या ठिकाणी आधी मुलाकडून काम मागतात. आमच्याकडून मागितलं ते बापाचं यूपीआय.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. बोलणारा माणूस गोड होता आणि हुशार होता, हे मान्य करायला पाहिजे. तिच्या उत्तरपत्रिकेतला तेरावा प्रश्न त्यानं काढला, तो तिनं वेगळ्या रीतीनं सोडवला म्हणाला. पर्याय निवडायच्या परीक्षेत रीत दिसते कुठं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रामानुजनही कॉलेजात नापास झाला होता असं म्हणाला. हे खरं आहे, आणि खरं होतं म्हणूनच मी विरघळलो. फी ४८,००० रुपये, पण आज दुपारी चारपर्यंत भरली तर ३६,०००, कारण राखीव जागांतल्या दोनच उरल्यात. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या लांब लेकराला धाडायचं आणि त्यांच्यातलं एक माणूस आपल्याला डोळ्यानं दिसलं नाही." मी तिला म्हटलं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बोनाफाइडसाठी हिंडायचं का? खताला ठेवलेले पैसे होते, त्यातून भरले. क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर संस्थेचं नव्हे, एका माणसाचं नाव आलं. विचारलं, तर ट्रस्टच्या अकाउंटंटचं खातं आहे म्हणाले. मेलही फुकटच्या, कुणालाही काढता येतो तसल्या पत्त्यावरून यायचे. विद्यापीठाचे आणि संशोधन संस्थांचे पत्ते सहसा एसी डॉट इन, आरईएस डॉट इन असे संपतात, हे मला पोरीनंच नंतर दाखवलं.

२९ एप्रिलला प्रयोगशाळेचं डिपॉझिट म्हणून आणखी ९,५०० मागितले, परत मिळणारे. तेही भरले.

४ मेला पहाटे आम्ही ट्रॅव्हल्सनं पुण्यात उतरलो. दिलेला पत्ता एका कॉलेजच्या वसतिगृहाचा होता. फाटकावरच्या वॉचमननं रजिस्टर उघडून दाखवलं, त्या महिन्यात कुठलंही शिबिर नव्हतं. फोन लागेना. अर्ध्या तासात बॅगा घेऊन आणखी माणसं यायला लागली. जालन्याचे एक गुरुजी मुलाला घेऊन, बार्शीची एक माउली एकटीच पोरीला घेऊन, साताऱ्याचे दोघं. दहापर्यंत आम्ही ११ कुटुंबं झालो. मोठी माणसं फोन लावत होती, काही रडत होती. मुलं मात्र कट्ट्यावर बसून एकमेकांच्या वह्या बघायला लागली होती. साताऱ्याच्या पोरानं आमचीला एक गणित घातलं: कुठल्याही ५२ पूर्ण संख्या घ्या, त्यांत दोन अशा निघणारच की त्यांची बेरीज किंवा वजाबाकी १०० नं पूर्ण भागली जाईल. का? ती घरी येईपर्यंत त्यावर बसली आणि दोन दिवसांनी दुकानातल्या नटबोल्टच्या डब्या मांडून मला समजावलं. बाकी १ आली की ९९ सोबत एका डबीत, २ आली की ९८ सोबत, असं करत ५० आणि ० एकटेच. डब्या होतात ५१, संख्या ५२. एका डबीत दोन पडणारच. त्या लोकांच्या ३० प्रश्नांत असं एकही गणित नव्हतं.

आयुका आणि जीएमआरटी या संस्थांचा या प्रकाराशी काही संबंध नाही, त्यांची नावं नुसती वापरली होती. आयुकाच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरला एक फोन केला असता तरी मला एप्रिलमध्येच कळलं असतं.

फाटकावरूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. तिथं व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम विचारतात, ते हाताशी ठेवा. आमची मोठी रक्कम भरून २७ दिवस झाले होते, ती केव्हाच पुढच्या खात्यांत गेलेली. डिपॉझिटपैकी ६,२०० रुपये गोठवले गेलेत, ते अजून हातात नाहीत. सेलूला आल्यावर पोलीस ठाण्यातही लेखी दिलं.

तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी एक फोन आला. आम्ही रिफंड विभागातून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी मोबाइल हातात घेतलाही होता. पोरगी ओरडली, "बाबा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही!" बार्शीच्या माउलीला असाच फोन आला होता, तिचे आणखी ८,००० गेले.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराची जाहिरात आली. संस्थेचं नाव वेगळं, शहर नाशिक. दुर्बिणीचा फोटो तोच आहे आणि बोनाफाइडची गरज नाही ही ओळही तशीच ठळक अक्षरात आहे.