ग्वाशच्या डब्या की ट्यूब? नवतप्यात झालेला निर्णय

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या माणसाला ग्वाश फार परका नाही. संकल्पचित्राच्या पेपराला पोस्टर कलरचा सपाट हात मारताना ब्रशचा माग दिसू नये म्हणून चित्रकलेचे सर कसे डोक्यावर उभे राहायचे, ते आठवा. तोच हा धंदा. रंगद्रव्य, डिंक आणि पाणी. खालचं झाकून टाकणारा जलरंग. त्यामुळे पंचवीस वर्षांनी पुन्हा ब्रश हातात घेणारा आधी तंत्रापाशी अडत नाही, खरेदीपाशी अडतो. मोबाईलवर शोधलं की दोन गोष्टी समोर येतात: २४ डब्यांचा जेलीसारखा सेट, नाहीतर ट्यूबचा खोका. घ्यायचं काय?

मी दोन्ही घेतले. आधी डब्या, वर्षभराने ट्यूब. पुढे जे लिहितो आहे ते एका माणसाच्या दोन उन्हाळ्यांवरून आणि एका टेबलावरून. मुंबईच्या दमट हवेत रंगवणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि त्याने माझं ऐकू नये हेच बरं.

माझं दर्यापूर तालुक्यात एका गावात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारे. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा काउंटरवर कागद अंथरून रंगवायचं. बाजूला कुलर. जून उजाडला की बियाण्याची गर्दी, मग महिनाभर ब्रशला हात लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कोणता सेट घ्यावा हे तुम्ही किती चांगलं रंगवता यापेक्षा तुम्ही किती दिवस रंगवत *नाही* यावर जास्त ठरतं, असं माझं आता मत झालं आहे.

आधी डब्यांची बाजू मांडतो, त्यांच्यावर अन्याय नको. एका डबीत ३० मिली रंग, म्हणजे २४ डब्यांत ७२० मिली. ट्यूब बहुतेक १२ मिलीच्या, २४ ट्यूब मिळून २८८. पैशाचा हिशोब तिथेच मिटतो. पण खरा फायदा पैशाचा नाही, हाताचा आहे. ट्यूब पिळताना नवशिक्याचा हात आखडतो. मोहरीएवढा रंग काढायचा आणि तो पाण्याने ओढून ओढून वीतभर आभाळाला पुरवायचा. मग खालून कागद डोकावतो, पट्टे पडतात, आणि माणूस म्हणतो, ग्वाश काही आपल्याला जमत नाही. त्याने ग्वाश केलेलंच नसतं, कंजूष जलरंग केलेला असतो. डबीसमोर ही भीती राहत नाही. झाकण उघडा, चमच्याच्या दांड्याने गोळा काढा, ताटलीत कालवा. पहिला हात दुधाएवढा पातळ, त्यावरचे सायीएवढे दाट, हे प्रमाण मला डब्यांमुळेच आठवडाभरात कळलं. ट्यूबने सुरुवात केली असती तर महिना गेला असता.

ब्रशवर भरपूर रंग घेऊन एका दमात हात फिरवायचा आणि पुन्हा मागे जायचं नाही, ही सवयही तिथलीच. ग्वाश वाळला तरी पाणी लागलं की खालचा थर जागा होतो. दोनदा घासलं की उठतोच. म्हणून वरचा हात दाट आणि हलका.

आता जी गोष्ट मला खटकली ती.

जेली सेटला रोज पाणी दाखवावं लागतं. गोठ्यातल्या जनावरासारखं. प्रत्येक डबीवरचा चंदेरी पापुद्रा एकदा सोलला की मग सगळ्या २४ डब्यांवर मिळून एकच प्लास्टिकचं झाकण उरतं, आणि ते काही हवाबंद नसतं. सेट घेतला होता दिवाळीनंतर, थंडीत काही जाणवलं नाही. मार्चपासून डब्यांतल्या रंगाच्या कडा सुटायला लागल्या. मी दुकानात होती ती छोटी फवारणीची बाटली धुऊन घेतली आणि रोज दुपारी दोन-दोन फुसकारे मारायला लागलो. औषध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काहो भाऊ, रंगावर अळी पडली काय?"

"अळी नाही जी," म्हटलं, "ऊन लागलं."

मेच्या शेवटी, अगदी नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, घरच्या लग्नासाठी पुसदला आठ दिवस गेलो. जाताना सेट दुकानातच राहिला. शटर बंद, वर टिनाचं छत. आलो आणि झाकण उघडलं. पांढरा डबीच्या भिंती सोडून मधोमध आकसला होता. डबी हलवली की आत रुपयासारखा वाजायचा. निळ्याला तीन भेगा, इतक्या खोल की तळाचं प्लास्टिक दिसत होतं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या वावराला पडतात तशाच, बोट जाईल अशा. पिवळा तेवढा वरून चामड्यासारखा झाला होता, आत ओल होती.

बायको म्हणाली, पाणी टाकून ठेवा रात्रभर, येईल परत. आणि आला परत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. डिंक पाण्यात विरघळतोच, ग्वाश कधी कायमचा मरत नाही. फक्त तो पहिल्यासारखा येत नाही. कालवला तरी त्यात रव्यासारखे बारीक कण राहतात. रेघोट्यांच्या कामात, कडब्याच्या गंजीत, कोरड्या ब्रशने मारलेल्या गवतात ते खपून जातात. पण ग्वाशची सगळी मजा ज्या सपाट, मखमली हातात आहे, तिथे ते कण ब्रशखाली सरकतात आणि मागे ओरखडे सोडतात.

त्या जूनमध्ये, गर्दी सुरू व्हायच्या आत, मी पळस करायला बसलो होतो. होळीला काढलेला फोटो होता: मागे करडं आभाळ, काळपट वाकड्या फांद्या आणि त्यावर ती केशरी फुलं. गडदावर फिकट चढवण्याचा धडा यापेक्षा चांगला मिळणार नाही. आभाळ झालं, फांद्या झाल्या, वाळल्या. केशरी ठेवला, आणि खालचा काळा त्यात उतरून फूल विटकरी झालं. दुसरं फूल, तेच. मी पाणी कमी केलं, तर रंग गोळ्यागोळ्याने लागला. पाणी वाढवलं, तर पुन्हा गढूळ. दोन दुपारी, पाच कागद.

आणि मला कळेना की चूक माझ्या हाताची आहे की रंगाची.

माझ्यासाठी निर्णय झाला तो इथे. शिकणाऱ्या माणसाला वाईट चित्र परवडतं, पण चूक कोणाची हे न कळणं परवडत नाही. रोज पाणी मारलेल्या डबीत रंग आज दह्यासारखा, उद्या ताकासारखा, परवा वरून ताक आणि खाली खवा. आज शिकलेलं प्रमाण उद्या चालत नाही. ज्याचा हात बसला आहे तो ब्रशच्या टोकाला अंदाज घेऊन सांभाळून नेईल. आपला हातच अजून बसायचा असतो.

पावसाळ्यात दुसरं टोक. श्रावणात झाकण उघडलं तर दोन डब्यांवर पांढरी लव आणि ओल्या पोत्यासारखा वास. डिंक म्हणजे बुरशीचं खाद्यच, त्यात मी पाणी घालून ठेवलेलं. लवंगाच्या तेलाचा एखादा थेंब टाकला की बुरशी आवरते, हा डिंकाच्या रंगांवरचा जुना उपाय आहे आणि मला त्याचा गुण आला. पण उन्हाळ्यात पाणी, पावसाळ्यात लवंग. अशी सरबराई करायला मी रंग घेतले नव्हते.

त्या वर्षी दिवाळीला ट्यूब आल्या. तोच पळस पुन्हा काढला. ताटलीत तुरीच्या दाण्याएवढा केशरी, त्यात लिंबू पिवळ्याचा कण, ब्रश फक्त ओला. फूल ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. पहिलंच. दुसरं गढूळ झालं, पण या वेळी कारण माहीत होतं: मी घासलं होतं.

ट्यूब म्हणजे सगळं गोडच असं नाही. बरेच दिवस पडून राहिली की डिंक वर येतो आणि पिळल्यावर आधी चिकट पाणीच बाहेर पडतं. वापरायच्या आधी बोटांनी मळून घ्यावी लागते. आट्यांवर रंग राहिला तर टोपण असं बसतं की पकड आणावी लागते. गरम पाण्यात क्षणभर बुडवली तर सुटते. टोपण नीट न लावलेली माझी एक हिरवी ट्यूब आतल्या आत दगड झाली, तेव्हा ऊन ट्यूबलाही सोडत नाही. पण ती एक गेली, चोवीस नाही, आणि माझ्या चुकीने गेली. हात आखडण्याचा रोग मात्र खरा आहे. त्यावर मी एवढंच करतो की चित्राला बसताना लागेल त्यापेक्षा थोडा जास्त रंग काढतो. उरलेला ताटलीत वाळतो, तो पुढच्या चित्राच्या पहिल्या पातळ हाताला पाणी घालून वापरतो. वाया काही जात नाही. फक्त वरच्या दाट हातासाठी त्याचा भरवसा धरू नका.

खारपाणपट्ट्यातल्यांसाठी, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं तिथल्यांसाठी, एक जाता जाता: आमच्या बोअरच्या पाण्याने गडद रंगांवर वाळल्यावर पांढुरकी झाक येते, असं मला तरी दिसलं. तेव्हापासून रंगासाठीही प्यायच्या कॅनचंच पाणी घेतो. घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत.

मधले दोन पर्याय पटकन. पोस्टर कलरच्या बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरीत मिळतात, आणि महिनाभर नुसता सपाट हात, कडा आणि मिश्रण घोटायचं असेल तर त्यांना नाव ठेवू नका. वाळल्यावर जरा खडूसारख्या दिसतात इतकंच. अॅक्रिलिक ग्वाश मात्र मी उन्हाळ्यात तरी कोणाला सुचवणार नाही. वाळल्यावर खालचा थर उठत नाही हे त्याचं मोठेपण, पण तोच गुण ताटलीत आणि ब्रशमध्येही लागू होतो. कुलरच्या वाऱ्यात पहिली फांदी होईपर्यंत ताटलीतल्या रंगावर साल धरते, आणि माझा एक चांगला चपटा ब्रश असाच काडी झाला.

तर तुम्ही काय घ्यावं? घरात दोन-तीन पोरं असतील, रोज संध्याकाळी सगळे मिळून बसणार असाल, सेट घरातच थंड जागी राहणार असेल, तर डब्या घ्या. खरंच घ्या, मी त्यांच्यावरच शिकलो. सकाळी आठच्या आत रंगवणाऱ्यालाही त्या त्रास देणार नाहीत कदाचित. पण माझ्यासारखं कधी चार दिवस, कधी महिनाभर अंतर पडत असेल, तर ट्यूब बऱ्या पडतील असं वाटतं. आणि २४ घेऊ नका. सुट्या सहा घ्या: पांढरा, लिंबू पिवळा, गेरूच्या जातीचा पिवळा, एक तापट लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. अल्ट्रामरीन आणि अंबर मिळून जो काळपट होतो तो बाजारच्या काळ्यापेक्षा फांद्यांना शोभतो. ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड छापलेला असला तर बघा. अल्ट्रामरीनवर पीबी२९ एकटाच असावा, पांढऱ्यावर पीडब्ल्यू६. एका ट्यूबमध्ये तीन-तीन रंगद्रव्यं असली की मिसळताना लवकर मळकट होतं.

पांढरा दुप्पट घ्या, मोठी ट्यूब मिळाली तर उत्तम. ग्वाशमध्ये उजेड पांढऱ्यानेच आणायचा असतो. जेली सेटचं तेही एक दुखणं: सगळ्या डब्या सारख्या मापाच्या, पांढरा आधी संपतो आणि त्याआधी गुलाबी होतो, कारण कोणीतरी लालातला ब्रश त्यात बुडवलेला असतो.

कागद २०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) खाली नको, कार्ट्रिज शीट पापडासारखी फुगते. फिकट रंग वाळल्यावर जरा गडद होतो आणि गडद जरा फिकट, म्हणून काठावर ठिपका देऊन वाळू द्यायचा आणि मगच आत जायचं. मेमध्ये मिनिटभरात वाळतो. श्रावणात चहा होतो तेवढ्यात.

डब्यांचा तो सेट आता सातवीतल्या मुलीकडे आहे. कण, ओरखडे, बुरशी, तिला कशाचंच काही वाटत नाही. परवा तिने त्यातूनच पोळ्याचा बैल काढला आणि माझ्या पळसापेक्षा बरा काढला. पांढरी डबी तेवढी तिने कधीच संपवली. माझी मोठी पांढरी ट्यूब गेल्या आठवड्यापासून तिच्या कंपासपेटीत आहे.