तिकिटाचे, मोबाईलचे आणि सोडून द्यायचे: कमी पैशातल्या तरुण सिनेमांची झडती

पोस्टरवर दोन नवे चेहरे, खाली बुलेट, मागं डोंगर आणि नावात कुठंतरी प्रेम. असा एखादा मराठी सिनेमा दर महिन्याला कोल्हापुरात लागतो. शुक्रवारी त्याला दुपारचा एखादा खेळ मिळतो, सोमवारी तो सकाळी ढकलला जातो आणि गुरुवारपर्यंत बहुधा उतरलेला असतो. म्हणजे बघायचा की नाही हे ठरवायला हातात चार दिवस. वर्तमानपत्रातलं परीक्षण येईस्तोवर निम्मे संपतात. तेव्हा ट्रेलरवरूनच माल ओळखता आला पाहिजे: तिकीट काढून बघायचा, नंतर मोबाईलवर बघायचा की सोडून द्यायचा.

बजेटचा आकडा विचारून काही कळत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ साधारण 15,000 डॉलरमध्ये झाला. एक घर, दोन माणसं, आणि रात्री स्टँडवर ठेवून दिलेला कॅमेरा. झोपलेल्या माणसांकडं न हलता बघणारा कॅमेरा हीच त्या सिनेमाची भीती होती, त्यामुळं गरिबी झाकायची वेळच आली नाही. आपल्याकडं उलटं होतं. असलेले पैसे ड्रोन, एक आयटम साँग आणि हाणामारीत जातात आणि दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात त्या प्रसंगाला काही उरत नाही. सिनेमा तर बहुतेक वेळ त्या दोन माणसांचाच असतो.

ट्रेलर इअरफोन लावून बघा. एकदा बघून झाला की डोळे मिटून नुसता ऐका. चित्र खरबरीत असलं तर दहा मिनिटांत डोळा सरावतो. कान दोन तासांत सरावत नाही. समजा चहाच्या टपरीवरचा प्रसंग आहे. पोरावर कॅमेरा आहे तोवर मागं रिक्षा, पातेल्यात फिरणारा डाव, गॅसची सूसू. पोरीवर कट झाला की सगळं गप्प, जणू टपरी बंद पडली. परत पोरावर आला की रिक्षा चालू. दोघांचे शॉट वेगवेगळ्या वेळी घेतलेले असतात, तेव्हा रस्त्याचा आवाज वेगळा असणारच. त्यावरचा उपाय फुकट आहे: शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा ते एक मिनिट रेकॉर्ड करायचा. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटर तो सगळ्या कटांखाली सतरंजीसारखा अंथरतो आणि जोड दिसत नाहीत. तरी ते राहून जातं, कारण तेव्हा उजेड चाललेला असतो, लाइटवाले वायरी गुंडाळत असतात आणि एका मिनिटाच्या शांततेसाठी चाळीस माणसांना गप्प करायची कुणाची हिंमत नसते.

डबिंग पकडायचं तर ओठ मिटणाऱ्या अक्षरांवर नजर ठेवा: प, फ, ब, भ, म. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. आवाज दोन-तीन फ्रेम पुढं सरकला की ओठ मिटायच्या आत ‘म’ ऐकू येतो. नेमकं काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण नट खोटा वाटायला लागतो. बिचाऱ्या कितीतरी नव्या पोरांच्या अभिनयाला असा बट्टा लागलाय. दुसरी खूण म्हणजे रंकाळ्यावर वारा सुटलाय, पोरीचे केस तोंडावर येतायत आणि तिचा आवाज मात्र गाद्या लावलेल्या बंद खोलीतला. कपड्याखाली लावलेला माईक घासून होणारी खरखर त्या मानानं बरी. निदान आवाज तिथलाच असतो.

चित्रातल्या तीन गोष्टींना मात्र माफी नाही. दिवसा घेतलेली रात्र: सगळं निळं करतात, पण पायाखाली काळीभोर सावली तशीच असते आणि लांबच्या एकाही घरात दिवा नसतो. लुकलुकणारी ट्यूब: आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची, कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या 1/50 ला ठेवला की दिवे शांत राहतात, 1/60 ला राहिला की वर्गातल्या भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. एक आकडा बदलायचा विसरला म्हणून अख्खा शाळेचा प्रसंग गेलेला दिसतो. तिसरी म्हणजे उघड्या लेन्सची हौस. ‘सिनेमॅटिक’ दिसावं म्हणून f/1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र भरपूर उघडून शूट करतात, त्यात फोकसची जागा अगदी पातळ उरते, आणि नट बोलताना चार बोटं पुढं झुकला की डोळे धुरकट, कान लख्ख.

याहून मोठा घोटाळा गर्दीचा. कॉलेजातली गोष्ट, आणि वर्गात बारा पोरं, कॉरिडॉर मोकळा, कँटीनमध्ये एकच टेबल भरलेलं. शंभर पोरांचा जेवणखर्च परवडत नाही हे मान्य. मग कॅमेरा दारात ठेवून जिन्यावरचे पाय दाखवा, भिंतीपलीकडचा गोंगाट ऐकवा. आवाजात गर्दी स्वस्त मिळते. त्याऐवजी ड्रोन वर जातो आणि रिकामं मैदान वरून दाखवतो! ट्रेलरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन ड्रोन शॉट आले तर तो सिनेमा मोबाईलच्या खात्यात टाका.

आता खास आपल्या बाजूचं. कोल्हापूर म्हणून दाखवलेलं कोल्हापूर असतं का? गाडी गंगावेशीतून निघते आणि एका वळणावर पन्हाळ्याच्या तटाशी उभी. मधले वीसेक किलोमीटर आणि चढ कुठं गेला कुणास ठाऊक. प्रेम जुळलं की रंकाळा, मोडलं की पंचगंगेचा घाट, असं तर नियमच असल्यासारखं चाललंय. ते एक वेळ चालवून घेऊ. बोलीचं नाही चालत. इथल्या पोरी घरात, गल्लीत ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. सिनेमातली कोल्हापूरची पोरगी ‘मी आले’ म्हणते आणि भरपाई म्हणून पुढच्या वाक्याला ‘नाद खुळा’ चिकटवते. ‘काय करालास?’ असं सरळ विचारणारं पात्र क्वचित. ‘लई’ मात्र मिसळीवरच्या फरसाणासारखं मूठमूठ. 2016 च्या ‘सैराट’मध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या तोंडी सोलापूरकडची बोली आहे, तिच्या घरच्या परिसरातली. त्यामुळं ती भांडताना शब्द शोधत नाही. बोली शिकवणारा माणूस नेमण्यापेक्षा बोली असलेली पोरगी शोधणं स्वस्त पडतं, आणि टिकतंही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबुराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा आणला. त्या गावात ‘बजेट नव्हतं हो’ एवढ्यावर सुटका व्हायची नाही.

तरुण पोरांच्या सिनेमात पहिलं बघायचं ते नटाचं वय. दहावीतला पोरगा आणि दाढी केल्याचा हिरवट पट्टा गालावर, हे मोठ्या पडद्यावर लपत नाही. ‘शाळा’ टिकला त्यात मोठा वाटा खरोखर शाळकरी वयाच्या मुलांचा आहे. बाकावर बसल्यावर त्यांचे गुडघे बाकाखाली मावतात. दुसरं, संकटाचा आकार. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’मधलं मोठं दुःख काय, तर वडील गेलेला, गाव बदललेला पोरगा पावसात किल्ल्यावर एकटा पडतो. खून नाही, गुंड नाहीत. त्या वयाला तेवढंच पुरतं. 2014 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस मिळालं. याउलट नेहमीचा मसाला: मध्यंतरापर्यंत वह्या, चिठ्ठ्या, सायकली, मध्यंतरानंतर पोरीचा बाप तलवार घेऊन आणि सोळा वर्षांचा पोरगा दहा जणांना लोळवतोय. ‘सैराट’चा शेवट सगळ्यांनी उचलला, रक्त तेवढं घेतलं. त्या 174 मिनिटांच्या सिनेमात शेवटाला संगीत काढून घेतलंय, हे फार थोड्यांच्या कानाला लागलेलं दिसतं. नकलांमध्ये तिथंच व्हायोलिन रडतात.

इंग्रजीतल्या ‘यंग अडल्ट’, म्हणजे किशोरवयीन पोरांसाठीच्या सिनेमांचं गणित वेगळं. ते बहुतेक कादंबऱ्यांवरचे, मालिकेचे. त्यात एक धोका लक्षात ठेवा: ‘डायव्हर्जंट’च्या तिसऱ्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे ठरले, पहिला 2016 ला पडला आणि दुसरा निघालाच नाही. तेव्हा शेवट हवा असेल तर ती मालिका सुरू करू नका, पुस्तक वाचा. त्याच लाटेतला ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ 12 मिलियन डॉलरमध्ये झाला, हॉलिवूडच्या हिशेबानं चिल्लर. दोन पोरं, आजारपण, बोलणं. भविष्यातली शहरं आणि विमानं नसल्यानं तो दहा वर्षांनीही जुनाट दिसत नाही. रविवारी दुपारी बघायला उत्तम. हुंदक्यांची तयारी ठेवा.

घरातली लहान पोरं सोबत असतील तर प्रमाणपत्र बघून घ्या. यूए आता तीन पायऱ्यांत येतं: 7+, 13+ आणि 16+. नुसतं यूए बघून सातवीतल्या पोराला 16+ ला नेल्यावर मध्यंतरात कुजबुज करण्यात अर्थ नाही.

टीव्हीवर बघणार असाल तर दोन सेटिंग आधी बदला. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीनं स्वतःच मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं, बंद करा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय, पण पिक्चरच्या मेनूत ‘मोशन’ शब्द दिसला की बहुधा तेच. ते चालू असलं की कमी पैशातला सिनेमा थेट दुपारची मालिका दिसतो. आणि बोलणं बारीक, गाणी ढणढण असं होत असेल तर आवाजाचं आउटपुट 5.1 वरून (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) स्टीरिओवर (दोन स्पीकर) आणा. 5.1 मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, तो स्पीकर तुमच्याकडं नसतोच. मोबाईलवर बघायचा तर वायरचे इअरफोन. साध्या ब्लूटूथवर आवाज मागं पडतो आणि डबिंग नसलेला सिनेमाही डब केलेला वाटतो.

थिएटरात जायचं तर रांगेतली मधली खुर्ची धरा, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर. सिनेमाचे सगळे आवाज एकत्र बसवणारा मिक्सिंगवाला त्याच्या खोलीत तिथंच बसलेला असतो. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत संवादात भिंतीचा घुमारा मिसळतो. अंधारात घेतलेला सिनेमा जुन्या एकपडदा टॉकीजला बघू नका; दिवा म्हातारा झाला असेल तर चेहरे ओळखू येत नाहीत. उन्हातला, गावातला असेल तर बिनधास्त तिथं जा, तिकीटही कमी आणि शिट्ट्याही अस्सल.

पहिल्या पाच मिनिटांत बोलणं पुसट वाटलं तर मध्यंतराची वाट बघू नका, बाहेर येऊन डोअरकीपरला सांगा. केबिनमधल्या साउंड प्रोसेसरवर आवाजाचा ठरलेला आकडा 7 असतो. जाहिराती आणि मोठे हिंदी सिनेमे कान फाडतात, लोक तक्रार करतात, म्हणून ऑपरेटर तो साडेचार-पाचवर आणून ठेवतो आणि आपला गरीब सिनेमा लागला तरी तो तिथंच राहतो. पाचाचा सहा केला की टपरीवरचं बोलणं ऐकू यायला लागतं. रिक्षाही येते, त्याला इलाज नाही.