डायव्ह कॉम्प्युटर घेताय? एका बटणाचा, मोठ्या स्क्रीनचा की घड्याळासारखा

दिवसातली तिसरी डायव्ह, खोली १८ मीटर. माझ्या मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरवर नो-डेको वेळ (म्हणजे मध्ये सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल, असा खाली राहण्याचा वेळ) उरली होती ११ मिनिटं. बडीने, म्हणजे माझ्या जोडीच्या डायव्हरने, हात पुढे करून त्याचा कॉम्प्युटर दाखवला, त्यावर २४. सकाळपासून आम्ही दोघं सोबतच उतरत होतो, खोलीतही फारसा फरक नव्हता. दोन्ही कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होते. नियमाप्रमाणे कमी आकड्याचं ऐकलं आणि हळूहळू उथळ पाण्याकडे निघालो. बोटीवर आल्यावर मात्र मी माझ्या कॉम्प्युटरचं मॅन्युअल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. ते विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं.

कॉम्प्युटर निवडताना लोक रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, होकायंत्र यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात त्या ११ आणि २४ पासून करावी.

पाण्याखाली श्वासातून शरीरात नायट्रोजन मुरत जातो आणि खाली किती वेळ राहायचं ते त्यावर ठरतं. पण कॉम्प्युटर तुमच्या शरीरातला नायट्रोजन मोजत नाही. त्याला कळतो पाण्याचा दाब आणि गेलेला वेळ. बाकी सगळा हिशोब. या हिशोबाचं मूळ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या १९०८ च्या कामात आहे. शरीराचे वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन शोषणारे पाच काल्पनिक भाग धरून त्यांनी सुरक्षितपणे वर येण्याचा पहिला तक्ता बनवला. पुढे झुरिकच्या डॉ. अल्बर्ट बुलमान यांनी हे भाग १६ पर्यंत नेले. त्यातला सगळ्यात जलद भाग चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सगळ्यात संथ भागाला ६३५ मिनिटं लागतात. कागदी तक्ता सगळी डायव्ह सगळ्यात खोल जागीच झाली असं धरतो, म्हणून पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २० मिनिटं एवढंच मिळतं. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी हिशोब नव्याने करतो आणि तुम्ही वर सरकलात की तो वेळ तुमच्या पदरात टाकतो.

हा हिशोब करण्याच्या दोन पद्धती बाजारात जास्त भेटतात. शेअरवॉटर आणि गार्मिन या कंपन्या बुलमानचं झेडएचएल-१६सी मॉडेल वापरतात आणि सावधगिरी किती ठेवायची ते 'ग्रेडियंट फॅक्टर' नावाच्या दोन आकड्यांनी तुम्हाला ठरवू देतात. सुंटो झूप नोव्हो, क्रेसी लिओनार्दो, मारेस पक प्रो हे आरजीबीएम (शरीरातल्या बुडबुड्यांचाही विचार करणारं मॉडेल) घराण्यातले. आरजीबीएम पहिल्या डायव्हला फारसा वेगळा वागत नाही. पण दोन डायव्हमधला विसावा कमी झाला, वर येताना घाई झाली, किंवा लागोपाठ काही दिवस उतरलात, की तो वेळ कापायला लागतो. माझे ११ तिथून आले होते.

यात चूक कोणाचीच नाही. जास्त सावध असणं वाईट तर नाहीच. मला खटकतं ते हे की आरजीबीएमवाल्या कॉम्प्युटरने वेळ का कापला आणि किती कापला, हे स्क्रीनवरून उमगत नाही. ग्रेडियंट फॅक्टरचं तसं नाही. शेअरवॉटरमध्ये मधली पातळी ४०/८५, सैल ४५/९५ आणि कडक ३५/७५. नो-डेको डायव्हिंग करणाऱ्याने यातल्या दुसऱ्या आकड्याकडे बघावं: पृष्ठभागावर पोचताना मॉडेलच्या कमाल मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं, ते तो सांगतो. थकवा आहे, झोप झाली नाही, पाणी थंड आहे, तर ८५ वरून ७५ वर या. निर्णय तुमचा आणि तो तुम्हाला दिसतो. म्हणून दिवसाला तीन-चार डायव्ह, असा आठवडा लाइव्हअबोर्डवर (मुक्कामाच्या डायव्हिंग बोटीवर) काढणार असाल तर माझं मत बुलमानच्या बाजूने. वर्षातून एकदा सुट्टीत जाऊन दिवसाला एक-दोन डायव्ह करणाऱ्याला हा फरक जवळजवळ जाणवणार नाही. त्याने यावर डोकं शिणवू नये. आणि कायमचा बडी ठरलेला असेल तर दोघांनी एकाच घराण्याचे कॉम्प्युटर घ्यावेत, पाण्याखालची अर्धी खुणाखुणी वाचते.

आता स्क्रीन. लिओनार्दो आणि पक प्रो यांना एकच बटण. पाण्याखाली ते सोयीचंच आहे, कारण तिथे फार काही दाबायचं नसतं. अडचण बोटीवर येते. कॉम्प्युटरला नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) सांगायचं आहे, बोटं ओली आहेत, बटण दाबत दाबत आकडा पुढे चाललाय आणि ३२ च्या पुढे गेलात तर पुन्हा फेरी. अशा वेळी 'असू दे, नंतर बघू' म्हणण्याचा मोह होतो आणि तोच घातक असतो. कालचं ३२ तसंच राहिलं आणि आज सिलिंडरमध्ये साधी हवा असली, तर कॉम्प्युटर तुम्हाला हक्काचा नसलेला वेळ देत राहतो. उलट चूकही वाईट: सिलिंडरमध्ये ३२ आणि सेटिंग हवेचं, तर ऑक्सिजनचा दाब १.४ बारला, म्हणजे सुरक्षित मर्यादेला, नेणारी ३३ मीटरची हद्द ओलांडलीत तरी इशारा येत नाही.

शेअरवॉटर पेरेग्रिनला २.२ इंचांची रंगीत स्क्रीन आणि दोन बटणं. इथे नायट्रॉक्स बदलणं सरळ आहे आणि खोली, वेळ, नो-डेको हे तीन आकडे हात न वळवता नजरेच्या टप्प्यात येतात. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागलं असेल तर हा फरक सगळ्या फीचरपेक्षा मोठा. गढूळ पाण्यात, सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याला, ५ मीटरवर लाटेसोबत वरखाली होत असताना डोळे बारीक करून आकडा शोधावा लागणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. पेरेग्रिनमध्ये होकायंत्र मात्र नाही, आणि आकाराने तो रोज हातात घालायची वस्तू नाही.

रोज घालायचाच असेल तर गार्मिन डिसेंट जी१, सुंटो डी५ किंवा शेअरवॉटर टेरिक. जी१ ची स्क्रीन कृष्णधवल; टेरिकची अॅमोलेड, झळझळीत. तिघंही छान आहेत, पण माझा आग्रह एवढाच की घड्याळ म्हणून मिरवता येतं एवढ्यासाठी घेऊ नका. पाच बटणांचं घड्याळ जाड हातमोज्यांतून चालवणं जिकिरीचं असतं.

बॅटरीबद्दल मी थोडी कडवट आहे. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरची नाण्यासारखी बॅटरी मी घरीच बदलली. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, कापसाचा एक धागा राहिला होता, नखाएवढाही नसेल. पुढच्या डायव्हला १२ मीटरवर स्क्रीनच्या आत धुकं दिसलं आणि बोटीवर येईपर्यंत ती काळी पडली. तेव्हापासून ओ-रिंग काढून उजेडात फिरवून बघते, सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम थर देते आणि मगच झाकण लावते. पेरेग्रिन, टेरिकसारखे वायरलेस चार्जिंगचे कॉम्प्युटर उघडावेच लागत नाहीत. बदल्यात चार्जिंगची आठवण ठेवावी लागते. पर्डिक्स २ साधी डबल-ए बॅटरी घेतो, जी कुठेही मिळते. दुर्गम जागी जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

ट्रान्समीटर, म्हणजे सिलिंडरचा दाब थेट मनगटावर, ही सुखाची गोष्ट आहे, गरजेची नाही. घ्यायचाच तर कॉम्प्युटर आणि ट्रान्समीटर एकमेकांशी बोलतात का ते आधी बघा. साधा पेरेग्रिन ट्रान्समीटर घेत नाही, पेरेग्रिन टीएक्स घेतो; गार्मिनचे ट्रान्समीटर वेगळ्याच पद्धतीने, ध्वनिलहरींवर चालतात. आणि दाबाचा काटेवाला गेज काढून टाकू नका.

एक प्रश्न विक्रेत्याला हमखास विचारा: मर्यादा मोडली तर हा कॉम्प्युटर काय करतो? काही मॉडेल डेको स्टॉप (वर येताना घ्यावाच लागणारा थांबा) चुकला की २४ किंवा ४८ तास हिशोब देणंच बंद करतात आणि नुसती खोली, वेळ दाखवतात. शेअरवॉटर कुलूप लावत नाही, पुढचा निर्णय तुमच्यावर सोडतो. नवशिक्याला मी कुलूप असलेलाच सुचवेन.

विकत घेण्याआधी हाताळायला मिळाला तर खोलीतला उजेड कमी करा, मास्क घाला, हातमोजे चढवा, कॉम्प्युटर वेटसूटच्या बाहीवर बांधा. मग मॅन्युअल न उघडता नायट्रॉक्स ३२ लावून पुन्हा २१ वर, म्हणजे साध्या हवेवर, आणा. दुसऱ्या प्रयत्नातही जमलं नाही, तर दुसरा बघा.