माझ्याच आठवणी त्याने मला विकल्या
१९९८ सालची लाल-पांढरी यामाहा आर-वन मोटरसायकल माझ्याकडे साडेचार वर्षं होती. मुलगी झाली तेव्हा विकली. त्यानंतर कितीतरी वर्षं, चार सिलिंडरचा तो चढत जाणारा आवाज कुठूनही आला की हातातलं काम थांबायचं. ९९८ सीसी, वीस व्हॉल्व्ह, कोरडं वजन फक्त १७७ किलो. मित्राकडे १९९२ ची होंडा फायरब्लेड होती, ८९३ सीसीची, पुढचं चाक सोळा इंची. आम्ही रविवारी गाड्या अदलाबदल करून चालवायचो. हे सगळं सांगतोय, कारण फसवणूक इथूनच सुरू झाली.

जाहिरातीत तेच मॉडेल दिसलं, रंगही तोच. किलोमीटर १९ हजार. मी फोन केला. विकणाऱ्याने गाडीबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नाही. उलट विचारलं, "तुमच्याकडे होती का कधी?" मग अर्धा तास मीच बोलत होतो. बदललेले सायलेन्सर मला आवडत नाहीत, थंड इंजिन चोक ओढून सुरू करतानाचा आवाज अजून कानात आहे, असं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर माझंच बोलणं तो मला ऐकवत होता. "सायलेन्सर कंपनीचाच आहे बघा, तुमच्यासारख्या माणसालाच द्यायची होती." इंजिनला हात लावला तर गरम. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचं खरं रूप थंड असताना कळतं: सुरू व्हायला किती वेळ घेते, धूर कोणत्या रंगाचा येतो, टायमिंग चेन खडखडते का. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. आणि तरी गरम मिळालं, तर परत या.

चालवायला मिळाली ती दोन गल्ल्यांपुरती, हळू. पैसे दिले. कागदावर 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलेलं होतं, त्यावर सहीही केली.

पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये आठ हजार आरपीएमच्या पुढे थ्रॉटल पिळला आणि गिअर सुटला. इंजिन मोकळं किंचाळलं, गाडीने जोरात हिसका दिला. मागे कुणी असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही. गिअर एकमेकांत अडकवणारे दात, म्हणजे डॉग, झिजून गोल झाले होते, गिअर सरकवणारा फोर्क वाकला होता. या इंजिनात गिअरबॉक्सपर्यंत पोचायचं तर इंजिन फ्रेममधून उतरवून त्याचं बाहेरचं कवच, म्हणजे क्रँककेस, उघडावी लागते. हळू चालवताना हा दोष कळतच नाही. दोन गल्ल्यांचं गणित मला तेव्हा उमगलं.

फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, उतरवल्यावर मेकॅनिक बराच वेळ काही बोलला नाही. मग ऑइलच्या ड्रेन बोल्टवर बोट ठेवलं. बोल्टच्या डोक्यात बारीक आरपार भोक. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टांनाही तेच. रेस ट्रॅकवर बोल्ट सैल होऊन ऑइल सांडू नये म्हणून त्यांना तार बांधतात, त्यासाठी पाडलेली ही भोकं. रस्त्यावरच्या गाडीला सहसा कुणी अशी भोकं पाडत नाही. विकत घ्यायच्या आधी टॉर्च घेऊन, गुडघे टेकून फक्त हे बोल्ट पाहिले असते तरी पुरलं असतं.

हँडल पूर्ण वळल्यावर ज्याला टेकतं तो फ्रेमवरचा स्टॉपर एका बाजूने तुटून वेल्डिंग केलेला निघाला. वर ताजा रंग. म्हणजे समोरून जोरात आपटलेली गाडी. फेअरिंगच्या आतल्या बाजूला कंपनीचे साच्यातले शिक्के नव्हते, प्लास्टिक नकली होतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे ३४०५, म्हणजे २००५ सालचा चौतिसावा आठवडा. "नुकतेच टाकलेत," असं मला सांगितलं होतं.

किलोमीटरचं गुपित टाकीखाली सापडलं. एअरबॉक्सवर, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यावर, कुण्या जुन्या मेकॅनिकने मार्करने लिहून ठेवलं होतं: 'व्हॉल्व्ह तपासले, ४१ हजार'. या मॉडेलचा आकडा डिजिटल मीटरमध्येच साठतो, दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं की त्या गाडीचे किलोमीटर दिसतात. म्हणून मीटरवर विश्वास ठेवू नका; पाय ठेवायच्या फूटपेगचं रबर, ब्रेक डिस्कची उरलेली जाडी बघा. कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही जाणकार आहात, चालवून बघून घेतलीत." पुढे फोन उचलणं बंद.

गेल्या महिन्यात, माझी गाडी जाहिरातीत ज्या भिंतीसमोर होती त्याच भिंतीसमोर उभी केलेली एक सुझुकी हायाबुसा विकायला आलेली दिसली. जाहिरातीत १९९९ चं, पहिल्याच वर्षाचं मॉडेल, किलोमीटर फार कमी. फोटो मोठा करून पाहिला. १९९९ च्या हायाबुसाचा स्पीडोमीटर ३५० पर्यंत असतो. या गाडीचा ३०० ला संपत होता. बघायला जाणार असाल तर आधी त्याला मीटरबद्दल विचारा, आणि तुमच्या जुन्या गाडीबद्दल त्याने विचारलं तर काही सांगू नका.