पेटी घ्यावी का सनई? आधी पत्ती समजून घ्या

पोराला वाद्य शिकवायचंय, पेटी घेऊ का सनई, असं लय जण विचारतात. दोन्हीत वाजते ती पत्तीच, म्हणजे हवेनं थरथरणारी पातळ जीभ, पण दोघींचा स्वभाव एकदम उलटा.

पेटीतली पत्ती पितळेची, एका टोकाला पक्की बसवलेली, खालची फट तिच्याहून केसभर मोठी, भात्याची हवा आली की ती फटीतून आतबाहेर हलते पण कडेला टेकत नाही. सूर तिची लांबी आणि जाडीच ठरवते, म्हणून ट्यूनिंगवाला टोकाला घासून सूर चढवतो आणि बुडाला घासून उतरवतो. पोरानं पट्टी दाबली की पहिल्याच दिवशी सा लागतो.

सनईत दोन पात्या एकमेकींवर आपटतात आणि सूर त्यांच्या हातात नसतोच, नळीतली हवा त्यांना नाचवते. नळी निमुळती, म्हणून जोर देऊन फुंकलं की सूर एक सप्तक वर जातो (बँडातल्या क्लॅरिनेटची नळी सरळ, तो सप्तक ओलांडून वरच्या पंचमावर जातो). पण ओठाच्या दाबानं मींड निघते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकता येतं, गंधार हवा तिथं बसतो. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा, आणि तो बोटानं हलवता येत नाही. मला हे लय खटकतं.

आता आपल्याकडचं ऊन. परभणीत मे महिन्यातल्या एका लग्नात पेटी आणि सनई काही केल्या जुळेना, तवा कारण कळलं. गरम हवेत आवाज जोरात पळतो म्हणून सनईचा सूर चढतो, आणि पितळ तापून किंचित लवचिक होतं म्हणून पेटी थोडीशी उतरते! सनईवाल्यानं ओठानं सांभाळून घेतलं, पेटीवाला काय करणार. सनईची पत्ती मात्र उन्हात लगेच सुकते, तोंडात भिजवूनच वाजवायची, जवळ चार-पाच ठेवायच्या.

भजनी मंडळात बसायचं असेल, पोरगं सात-आठ वर्षांचं असेल, तर पेटीच घ्या. पण जवळपास देवीच्या चौघड्यात वाजवणारे, शिकवायला तयार असणारे कुणी असतील तर मी तरी सनईच सांगेन, असा कान दुसरीकडं तयार होत नाही.

पेटी घेताना भाता अगदी हळू हलवून एकेक पट्टी दाबून बगा, फटीत धूळ अडकलेली पत्ती तिथंच मुकी राहते.