पॉन्टूनची डागडुजी: आठ महिन्यांनी काय टिकलं, काय निघालं

बोट डावीकडे कलतेय हे मला पटतच नव्हतं. पण डेकवर आडवी ठेवलेली बाटली दर वेळी डावीकडेच घरंगळायची. बोट बाहेर काढून डाव्या पॉन्टूनचं, म्हणजे बोटीला तरंगत ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्याचं, मागचं बूच उघडलं, तर पाण्याची धार थांबेना. खाली वाकून पाहिलं तर पोटाला पांढऱ्या भुकटीचे फोड आलेले. एक फोड स्क्रूड्रायव्हरने जरा टोकरला आणि टोक सरळ आत गेलं. ॲल्युमिनियम गंजत नाही असं ज्यांनी मला सांगितलं होतं, त्यांना हे दाखवायला हवं होतं.

आधी गळती शोधली. कंप्रेसर लावायचा मोह टाळा, पत्रा फुगून शिवण उसवते. मी हातपंपाने २ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंतच हवा भरली आणि साबणाचं पाणी फासलं. सात ठिकाणी बुडबुडे आले. पाच पोटावर, दोन ब्रॅकेटजवळच्या शिवणीवर.

शिवणीचं काम वेल्डरकडे दिलं. त्याने झाळण्यापेक्षा घासण्यातच जास्त वेळ घालवला तेव्हा मी चिडलो होतो. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. तो थर काढला नाही तर खालचा धातू वितळून ओघळतो आणि वरची साय तशीच राहते. ब्रशही स्टेनलेसचा हवा, लोखंडावर कधीही न वापरलेला. आणि पॉन्टून आतून खडखडीत कोरडा, बूच उघडं.

पोटावरची भोकं मी स्वतः इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने, बुजवली. इथे चूक केली. संध्याकाळी पत्रा चकचकीत घासला, इपॉक्सी सकाळी लावली. दोन महिन्यांत एका ठिगळाची कड उचलली गेली. नखाने ओढलं तर अख्खं ठिगळ पापडासारखं हातात आलं, आणि खालचा पत्रा लख्ख! इपॉक्सी कुठे धरलीच नव्हती. घासलेल्या ॲल्युमिनियमवर नवा ऑक्साइड लगेच चढायला लागतो, रात्रभर थांबणं म्हणजे मेहनत पाण्यात. दुसऱ्यांदा ॲसिटोनने पुसलं, पातळ इपॉक्सी फासली आणि ती ओली असतानाच सँडपेपरने तिच्यातूनच पत्रा घासला. हात बरबटतात, पण हवेला शिरायला जागा उरत नाही. मग त्यावर दाट केलेली इपॉक्सी. पाचही ठिगळं अशीच पुन्हा केली. सहा महिने झाले, एकही हललेलं नाही.

खरा चोर मात्र ट्रेलरवर होता. पोटावरचे खड्डे दोन सरळ रेषांत होते, बरोबर ट्रेलरच्या फळ्या टेकतात तिथे. फळ्या वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेल्या, वर गालिचा. ओला गालिचा महिनोन्‌महिने पॉन्टूनला चिकटून, आणि तांबं ॲल्युमिनियमला खात बसलेलं. फळ्या बदलल्या, गालिचा फेकला, वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. शेवाळ न धरणारा रंग घेताना डब्यावर तांबं नाही ना, हे आता दोनदा वाचतो.

ॲनोडही, म्हणजे बोटीऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला धातूचा तुकडा, चुकीचा होता. आमची बोट गोड्या पाण्यात, आणि लावलेलं जस्त. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते नुसतं लटकून राहतं. मॅग्नेशियमचा लावला, तो आठ महिन्यांत अर्ध्याच्या आसपास खाल्ला गेलाय. तो झिजतोय म्हणून मी खूश आहे, हे घरच्यांना समजावणं अवघड जातं. खाऱ्या पाण्यात मात्र मॅग्नेशियम नको, भराभर संपतं. तिथे जस्त किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड.

वेल्डिंगच्या दोन जागांपैकी एक अजून पाझरते. महिन्याला साधारण अर्धी वाटी पाणी निघतं. टाका थंड होताना कडेला बारीक तडा गेला असावा असं वेल्डरचं म्हणणं, माझा संशय अजून घासण्यावरच आहे. बोट पुढच्या वेळी बाहेर आली की पुन्हा साबणाचं पाणी. तोवर बूच काढायचं आणि वाटीने मोजायचं.